भिशीचे चौदा हजार आणि ‘तो वेगळा विषय’

सल्ला विचारणारं एका ताईंचं पत्र आलं, ते बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून आणि थोडं छाटून इथे देतेय.

“सलाम ताई. मी ऐरोलीला राहते, वय ५४. आमची मंडळी (म्हणजे चर्च) मराठी, बरेचसे मूळचे नगरकडचे. महिला मंडळात मी बरीच वर्षं आहे. आमच्या बारा जणींची भिशी होती, महिना २,००० रुपये, हिशोब मंडळीतल्या एका बहिणीकडे. नवव्या महिन्यात चिठ्ठी माझी निघाली. २४,००० हातात यायचे होते, आले नाहीत. आज देते उद्या देते चाललं होतं, मग कळलं की तिच्या मिस्टरांनी मोबाइलवर रमी खेळून कर्ज करून ठेवलंय, वसुलीवाले दारात आले म्हणून हिने भिशीचे पैसे तिकडे वळवले. नंतर १०,००० दिले, १४,००० अजून बाकी. पाळकसाहेबांनी तिला समजावलं, आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) एका कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, ती उभी राहिली, रडली, सगळ्यांसमोर माफी मागितली. बायकांनी तिला जवळ घेतलं. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ही प्रभुभोजनाच्या, भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या रांगेत! माझं डोकंच फिरलं. अयोग्य रीतीने भाकर खाईल तो दोषी ठरेल असं वचनात स्पष्ट आहे ना? तेव्हापासून, सहा महिने झाले, मी प्रभुभोजन घेत नाही, ती पुढे जाते आणि मी बाकावर बसून राहते. मी चर्चच्या ग्रुपवर तिच्या कुटुंबासाठी प्रार्थनेची विनंती टाकली होती, जे खरं तेच लिहिलं, तर लोक मलाच बोलायला लागले की न्याय करू नका. मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का? आणि तिचा पश्चात्ताप खरा आहे हे ओळखायचं कसं? माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, आमच्या घरात पश्चात्ताप म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही. माझं मन साफ आहे, माझा कोणाशी वाद नाही. धाकट्या भावाशी चार वर्षं बोलणं नाही, आईच्या पाटल्यांवरून, पण तो वेगळा विषय आहे. मी काय करू ते सांगा.”

सलाम ताई.

आधी एक गोष्ट सरळ बोलून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला असं वाटायला नको की ही पण त्या ग्रुपवाल्यांच्याच पार्टीची. तुमचे पैसे गेलेत. बारा बायका एकमेकींच्या शब्दावर दर महिन्याला दोन-दोन हजार काढून देतात, ना कागद ना पावती, त्यातल्या कितीजणी तर घरखर्चातून वाचवून देत असतील, आणि जिच्यावर विश्वास टाकला तिनेच ते पैसे दुसरीकडे लावले, तर ती चूकच आहे. तिच्या घरचं ऐकून माझ्याही पोटात तुटलं, दारात वसुलीवाले उभे असले की बाई काय काय करून बसते ते मी बघितलंय, पण तरी ती चूकच. तुमच्या रागाला कारण आहे, हे आधी मान्य.

आणि ‘न्याय करू नका’ एवढंच तोडून जे लोक तुमच्या अंगावर टाकतात ना, त्यांनी पुढच्या चार ओळी वाचलेल्या नसतात. मत्तयच्या ७ व्या अध्यायात येशू कुसळ आणि मुसळ सांगतो, सगळ्यांना पाठ असतं, संडे स्कूलमध्ये त्याची अॅक्शन पण करून घेतात, पण तो तिथे थांबत नाही. तो म्हणतो आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ तुला काढता येईल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे, ते तसंच राहू दे असं कुठे म्हटलंय? प्रेषित पौल पण गलतीकरांना पत्रात लिहितो की कोणी चुकीत सापडला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा, आणि हे करताना स्वतःकडे लक्ष ठेवा, तुम्ही पण मोहात पडाल. तर चुकीला चूक म्हणायचंच नाही का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘म्हणायचं’ असं आहे. फक्त कोणी म्हणायचं, कुठे म्हणायचं, आणि आधी काय करून म्हणायचं, एवढं उरतं. माझं सगळं पत्र त्या ‘आधी’वरच आहे.

आता ते प्रभुभोजनाचं. तुम्ही जे वचन दिलंय ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातलं, आणि बरोबर आहे, अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरतो असं तिथे आहे. पण तो अध्याय जरा वरपासून वाचा, पौल भडकलाय कशावर? करिंथमध्ये झालं होतं असं की पैसेवाले लोक आपापलं आणून आधीच जेवून घ्यायचे, पिऊन टाइट व्हायचे आणि गरीब बिचारे उपाशी राहायचे, आणि याला ते प्रभूचं भोजन म्हणायचे. एका मेजावर दोन पंगती लावल्या, हा त्याचा राग आहे. आणि लगेच पुढची ओळ, २८ वी, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. स्वतःची हो ताई. शेजारच्या बाकावरच्या बाईची परीक्षा घेऊन तिला पास-नापास करा हे काम त्या ओळीत कोणालाच दिलेलं नाही. शिवाय ती ओळ ‘खावं’ वर संपते. परीक्षा करा आणि या, असं आहे ते. तुम्ही तिची परीक्षा घेतली, तिला नापास केलं, आणि शिक्षा म्हणून उपाशी स्वतः बसलात, हे लॉजिक मला खरंच कळलं नाही.

शेवटच्या भोजनाचंच घ्या. येशूने भाकर मोडली तेव्हा यहूदा त्याच मेजावर होता, लूक तर स्पष्ट लिहितो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. आणि तुमच्यातला एक मला धरून देईल असं तो म्हणाला तेव्हा मत्तयच्या वर्णनात शिष्य फार खिन्न झाले आणि एकेक जण विचारायला लागला, प्रभू, मी तर नाही ना? तो थोमा का, तो मत्तय का, जकात नाक्यावर बसायचा, त्याचा भरोसा नाही, असं कोणी म्हटलं नाही. (लूक पुढे असंही सांगतो की थोड्याच वेळात आमच्यात मोठा कोण यावर त्यांची जुंपली, म्हणजे तिथे सगळे फार पोचलेले संत बसले होते अशातला भाग नाही.) पण तो एक क्षण बघा, अकरा निर्दोष माणसं स्वतःकडे बोट करून विचारतायत. तुमच्या पत्रात हा प्रश्न मी शोधत होते, सापडला नाही.

मग ग्रुप. ताई, इथे मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये चुगली कधी चुगलीच्या नावाने येत नाही, ती प्रार्थनेची विनंती म्हणूनच येते, खाली हात जोडलेले इमोजी असतात आणि वरती ‘कृपया हे इतर कुठे फॉरवर्ड करू नका’ असतं, जे वाचून सगळे फॉरवर्ड करतात. तुम्ही म्हणता खरं तेच लिहिलं. असेल. पण देवाला तिच्यासाठी काही मागायचं तर त्यात चौदा हजाराचा आकडा कशाला लागतो? रमी कशाला लागते? ‘एका कुटुंबाला आर्थिक अडचण आहे, प्रार्थना करा’ एवढ्यात देवाला कळलं असतं, त्याच्याकडे पत्ता आहे. आकडा देवासाठी नव्हता, तो ग्रुपवरच्या लोकांसाठी होता. त्या ग्रुपमध्ये तिचा मुलगा आहे का, यूथवाला? तिच्या माहेरचं कोणी आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत पण चर्चच्या ग्रुपमध्ये असतातच. आणि ही बाई लेंटमध्ये स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर बोलली होती, तिने उघडं केलेलं होतंच, मग तुमच्या विनंतीने नवीन काय झालं? तिने स्वतःहून जे देवासमोर आणून ठेवलं ते तुम्ही उचलून पुन्हा चव्हाट्यावर नेलं, एवढंच.

मत्तयच्या १८ व्या अध्यायात याची ऑर्डर दिलेली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकटा जा, तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोन जण बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तुम्ही तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली आणि पहिली अजून बाकी आहे, कारण अख्ख्या पत्रात तुम्ही एकदाही असं लिहिलं नाहीत की मी तिच्या घरी गेले आणि आम्ही दोघी बसून बोललो.

पश्चात्ताप खरा की खोटा ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न मात्र चांगला आहे, त्यावर मी जरा रेंगाळणार. तुम्ही लिहिलंय (वर छापलं नाही) की बहिणीकडे ठाण्याला येता तेव्हा तलावपाळीवर फेरी होते. तिथे ते जुनं कॅथलिक चर्च आहे ना, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं, ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं आहे, २४ जूनला त्याचा सण असतो. ट्रॅफिकमध्ये अडकून शंभरदा समोरून जातो आपण, वर नाव कोणाचं आहे ते डोक्यात येत नाही. हा तोच योहान ज्याचा एकच विषय होता, पश्चात्ताप. लूकचा ३ रा अध्याय काढा. तो म्हणतो पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या, आणि अब्राहाम आमचा बाप आहे असं मनात म्हणू नका. तेव्हा लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तर तो म्हणतो दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला द्या, जेवणाचं पण तसंच. जकातदार विचारतात आम्ही काय करावं, तर ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपाई विचारतात आणि आम्ही काय करावं, तर कोणाला धाक घालून पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा. बघा, किती साधं, किती हिशोबी आहे सगळं. रडा असं त्याने एकालाही सांगितलं नाही. कपडा, भाकरी, पैसा, पगार.

म्हणून ती कॉटेज मीटिंगमध्ये किती रडली यावरून काही ठरत नाही, ना तुमच्या बाजूने ना तिच्या. रडणं खरं पण असतं, नाटक पण असतं, कधी कधी एकाच वेळी दोन्ही असतं. फळ बघायचं तर पैसे बघा. जक्कय नावाच्या जकातदाराने काय केलं, अर्धं गरिबांना देतो म्हणाला आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. तुमच्या या बहिणीने चोवीसातले दहा परत केलेत, रमीच्या कर्जाखाली असताना. हे फळ आहे. अर्धवट आहे, पण आहे. पुढचे चौदा ती देते का, नवऱ्याच्या हातातला मोबाइल आणि घरातलं एटीएम कार्ड यांचं तिने काय केलं, हे दिसेल असं आहे. तिच्या मनात आत काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही आणि मला विचाराल तर बरंच आहे, ते बघायची ड्यूटी आपल्याला लागलेली नाही.

आणि त्या तीनही घोळक्यांचा प्रश्न परत बघा. आम्ही काय करावं. जकातदार योहानाला असं विचारत नाहीत की हे शिपाई खरंच बदललेत का, ओळखायचं कसं. आणि ‘अब्राहाम आमचा बाप’ वाचलं तेव्हा मला तुमची पणजी आठवली, रागावू नका. पंडिता रमाबाईंच्या केडगावला १९०५ च्या जूनमध्ये जे संजीवन (धर्मजागृतीची लाट) झालं ते आपल्या मराठी मंडळीतली केवढी मोठी गोष्ट, मुली प्रार्थनेत रडत होत्या, आपापली पापं कबूल करत होत्या. पणजी त्यात होती की नंतरची ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण ज्या मुलीने कबूल केली तिने स्वतःची केली. ती कबुली तुमच्या नावावर लागत नाही, जशी माझ्या आजीची माझ्या नावावर लागत नाही.

आता खरं सांगते मला तुमच्या पत्रात काय खटकलं. तुम्ही भिशीचा हिशोब रुपया न् रुपया लिहिलात. बारा जणी, दोन हजार, नववा महिना, चोवीस, दहा परत, चौदा बाकी. ती कुठल्या रविवारी रांगेत उभी राहिली ते लिहिलंत, छापलं नाही पण तिने साडी कुठली नेसली होती ते सुद्धा लिहिलंत. आणि मग शेवटाकडे ‘माझा कोणाशी वाद नाही’, आणि त्याला लागून पुढचंच वाक्य की सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलणं नाही. पाटल्यांवरून. आणि त्या पाटल्या आत्ता कोणाच्या कपाटात आहेत हे लिहिलं नाहीत.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविद राजाकडे जातो. दाविदाने उरीयाची बायको घेतलीय, उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलंय, आणि सगळं दडपून निवांत बसलाय. नाथान त्याला गोष्ट सांगतो, एका श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं, गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्या ताटात खाणारी, त्याच्या मांडीवर झोपणारी, आणि पाहुणा आला तर श्रीमंताने स्वतःचं मेंढरू सोडून गरिबाचीच ती मेंढी कापली. दाविद खवळतो. तो माणूस मेलाच पाहिजे म्हणतो आणि त्याने चौपट भरून द्यावं. आता निर्गममध्ये मेंढराच्या चोरीला चौपट भरपाई आहे, चौपटीचं दाविदाचं बरोबरच होतं. पण मरण? मेंढरासाठी मरणाची शिक्षा नियमशास्त्रात कुठेच नाही. ती दाविदाने पदरची घातली. स्वतःचं लपवून बसलेला माणूस दुसऱ्याला नियमापेक्षा जास्त शिक्षा सुनावतो, हे मला त्या गोष्टीत दर वेळी नव्याने दिसतं. मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस.

मी नाथान नाही आणि तुम्ही काही दाविदासारखं केलेलं नाही. पाटल्यांच्या भांडणात कोण बरोबर ते मला ठाऊक नाही, आईने कदाचित स्वतः तुमच्या हातात दिल्या असतील, शेवटच्या आजारपणात उठबस तुम्हीच केली असेल, भाऊ-भावजय फिरकले नसतील, सगळं शक्य आहे. किंवा भावाने सगळं आधीच लाटलं असेल. मी फक्त एवढं म्हणतेय की भिशीच्या बाईला मंडळीने माफ केलं, पाळकांनी समजावलं, तिने अर्धेअधिक नाही पण बरेच पैसे दिले, आणि तरी तुमच्या मनात तिला मेजावर जागा नाही, ही जी जास्तीची शिक्षा आहे ती कुठून आली ते एकदा तपासा. मला ती पाटल्यांच्या कपाटातून आलेली वाटते. माझं चुकत असेल तर सोडून द्या, पण तपासा.

कारण प्रभुभोजनाच्या रांगेतून बाहेर राहायला एक खरं कारण वचनात आहे, आणि ते नेमकं तुमच्याकडे आहे. मत्तय ५, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी भावाशी समेट कर, मग ये. नीट वाचा हो, भावाच्या मनात *आपल्याविरुद्ध*. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते विचारलेलंच नाही. तुम्ही सहा महिने बाकावर बसलात ते त्या बाईसाठी, आणि ज्याच्यासाठी उठून जायला हवं होतं तो तर ‘वेगळा विषय’.

स्वतःला तपासायचं कसं, हे आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये कोणी धड शिकवत नाही असं माझं मत आहे. कॅथलिकांकडे कन्फेशन तरी आहे, वसईकडची जुनी माणसं कुमसार म्हणतात, निदान ठरावीक काळाने जाऊन कोणासमोर तरी ‘मी हे केलं’ असं तोंडाने बोलावं लागतं. आपण ती कबुलीची पेटी काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच आणलं नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, ते आपण वाचतो आणि पुढे जातो. रविवारी सगळ्यांनी मिळून म्हणायची पापकबुली असते, ती पाठ असते, म्हणताना मी तरी कितीदा पंख्याकडे बघत असते.

तर उधारीवर घ्यायला हरकत नाही. इग्नेशियस लोयोला म्हणून कॅथलिकांचा जेझुइट संघ काढणारा माणूस होऊन गेला (१४९१ ते १५५६), त्याने रोज स्वतःला तपासायची एक साधी पद्धत लावून दिली. रात्री सिरीयल संपली की टीव्ही बंद करून पंधरा मिनिटं बसा. पहिलं म्हणजे आज जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार, हे आधी, नाहीतर माणूस थेट रडगाण्याला लागतो. मग त्याला म्हणा मला दाखव, स्तोत्र १३९ च्या शेवटी आहे तसं, देवा माझी झडती घे, माझं मन ओळख, माझ्यात काही वाईट वाट आहे का बघ. मग सकाळपासूनचा दिवस एकेक तास करून चालत या, कोणाशी काय बोलले, का बोलले. जिथे चुकलं तिथे माफी मागा, आणि उद्याची एकच गोष्ट ठरवा. यात माझी एक भर, झडती चालू असताना दुसऱ्या कोणाचं नाव आलं, आणि येणारच, तर तिथल्या तिथे विचारायचं, यात मी काय केलं? तिने काय केलं त्याची फाइल देवाकडे आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचा एक साधू होता, आधीचा दरोडेखोर. मठातल्या एका भावाचं काहीतरी चुकलं म्हणून सगळ्यांची बैठक बसली, मोशेला बोलावणं गेलं, तो येईना. शेवटी आला तो पाठीवर गळकं मडकं घेऊन. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, माझी पापं माझ्यामागे गळतायत, मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलोय. त्या भावाला सोडून दिलं त्यांनी. त्याच काळातल्या सिरीयातल्या एफ्राईमच्या नावाने एक प्रार्थना चालत आलीय, ऑर्थोडॉक्स लोक लेंटमध्ये म्हणतात, तिच्या शेवटी असं मागणं आहे की मला माझे अपराध दिसू दे आणि माझ्या भावाचा न्याय करू नये असं कर. झडतीनंतर तेवढंच म्हटलंत तरी चालेल.

एक मात्र जपा. तपासणं म्हणजे स्वतःला झोडपत बसणं नव्हे. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि यहूदाने धरून दिलं, पस्तावले दोघंही, यहूदाने तर तीस नाणी परत नेऊन टाकली. पण तो एकटाच राहिला, आणि पेत्र रडून झाल्यावर बाकीच्यांमध्ये परत आला. तेव्हा रात्रीच्या पंधरा मिनिटांत काही फार जड निघालं तर एकटीने उरावर घेऊन बसू नका, पाळकीणबाई किंवा तोंड घट्ट असलेली एखादी मैत्रीण, कोणाजवळ तरी बोला.

आता काय करायचं ते. पहिला फोन भावाला. मेसेज नको, फोन. पाटल्यांचं स्पष्टीकरण घेऊन सुरुवात करू नका, चार वर्षांत तुम्ही ते मनात इतकं घोटलंय की एकदा सुरू झालात तर थांबणार नाही. ‘मी चार वर्षं तुझ्याशी बोलले नाही, ते माझं चुकलं’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. तो काय बोलायचं ते बोलू दे. फोन ठेवून देईल, देऊ दे, पुढच्या आठवड्यात परत करा. पाटल्या तुमच्याकडे असतील तर लपवू नका, भेटीत उघड ठेवा, आई काय म्हणाली होती ते दोघांनी एकमेकांना सांगा, आणि वाटणी करायची ठरली तर सोनाराकडे दोघं मिळून जा.

मग त्या बहिणीकडे. ग्रुपवरच्या विनंतीबद्दल माफी मागायला जा आणि त्या दिवशी पैशाचा विषय अजिबात काढू नका. माफी आणि वसुली एका दिवशी केलीत तर तिला फक्त वसुली ऐकू येईल. ग्रुपवर पण लिहायला लागेल, कारण पसरलं तिथेच, पण आधी तिला विचारून. साधं लिहा: ‘मी अमुक कुटुंबाबद्दल जी विनंती टाकली होती ती टाकायला नको होती. मी त्यांची माफी मागितली आहे. तो मेसेज कोणाकडे असेल तर कृपया काढून टाका.’ संपलं. ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर’ नको, ‘माझा हेतू चांगला होता’ नको, वचन नको, इमोजी नको.

प्रभुभोजनाला येत्या पहिल्या रविवारी जा. भावाला फोन झाला असेल, त्याने घेतला असो की नसो, तर जा.

आणि पैसे सोडू नका. कोणी पौलाचं ते वचन दाखवेल की तुम्ही नुकसान का सोसून घेत नाही, ते तुम्ही स्वतःहून म्हणायचं ठरवलंत तर मोठी गोष्ट, दुसऱ्याने तुमच्या गळी उतरवायचं नाही. दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी तिच्या घरी बसा, कमिटीतले दोन वडील माणसं बरोबर असू द्या, तिला जमेल तो हप्ता तिलाच सांगू दे. महिना हजार म्हणाली तर चौदा महिने, होऊ दे चौदा महिने. साध्या कागदावर लिहा, चौघांच्या सह्या, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, म्हणजे नंतर ‘मी दिले’, ‘मला मिळालेच नाहीत’ असं होणार नाही. एखादा हप्ता चुकला तर तिला फोन, मंडळीला नाही. तिला माफ केलं म्हणून तिच्या हातात परत हिशोबाची वही द्यायची गरज नाही, ते तिच्यासाठी पण बरं नाही, त्या घरात सध्या दुसऱ्याचा पैसा नसलेलाच चांगला. पुढची भिशी काढलीत तर हिशोब दोघींकडे ठेवा आणि किती जमा झाले, कोणाला दिले, हे दर महिन्याला ग्रुपवर टाका. त्या कामाला ग्रुप एकदम चांगला आहे.